‘समुद्रात वाळू ओतणं म्हणजे पैसे बुडवणं’ : वाळव्याच्या वाचकांना उत्तर

वाळव्याहून लिहिणाऱ्या वाचकमित्रांना सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर वाळूची भर घालून तो टिकवण्यात पैशाचा हिशेब कसा बसतो, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांब आणि कडक प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाच वर्षांत वाहून जाणारी वाळू टाकण्यापेक्षा एकदाच दगडी बंधारा बांधावा. फायदा हॉटेलवाल्यांचा आणि खर्च सगळ्यांचा. मायामीचे आकडे फसवे आहेत. वाळू आणणार ती पुन्हा आमच्याच नद्यांतून. आणि शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत, ‘इथे घराघरांत कृष्णा शिरते, तुम्हाला समुद्राची काळजी कसली?’

शेवटापासून सुरुवात करतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्हीही सामान माळ्यावर चढवून घर सोडलं होतं. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. पण वाळूचा विषय माझ्याकडे समुद्राकडून आलेला नाही. तो अग्रणी नदीकडून आला.

माझं आजोळ अग्रणीकाठचं. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की आजी घागर आणि वाटी घेऊन पात्रात जायची. हाताने वाळू उकरायची. हात-दीड हातावर ओल लागे, मग खड्ड्यात गढूळ पाणी जमे. ते दोनदा वाटीने उपसून बाहेर टाकायचं, तिसऱ्यांदा येणारं पाणी नितळ. त्याला आम्ही झरा म्हणायचो. पुढे पात्रात डंपर उतरले. दहा-बारा वर्षांत नदी खडकापर्यंत खरवडली गेली आणि काठच्या विहिरी आधी मार्चमध्ये, मग संक्रांतीलाच तळ दाखवू लागल्या. ब्रासला (म्हणजे शंभर घनफूट वाळूला) काय भाव चाललाय हे गावात शाळकरी पोरालाही पाठ होतं. पात्रात पडून असलेल्या वाळूचा भाव मात्र कुणी काढलाच नव्हता, कारण ती विकली जात नव्हती, नुसती पाणी धरून बसली होती.

खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी हा हिशेब १९८०च्या दशकातच मांडला होता. येरळा नदीतली वाळू बाहेरचे ठेकेदार नेतात आणि आमच्या विहिरी आटतात, म्हणून वाळूवर हक्क गावाचा, असं म्हणत ते मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर उभे राहिले. त्या वाळूतला थोडा भाग विकून त्यांनी बळीराजा स्मृती धरणाला पैसा उभा केला. वाळूची खरी किंमत ती जिथे आहे तिथे काय काम करते यावरून ठरते, हे मी तिथे शिकलो. किनाऱ्याच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे. बाकी सगळा तपशील.

आता ‘वाहून गेली म्हणजे पैसे बुडाले’ याकडे येतो. तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे आणि मला तो अजिबात पटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अर्धी सांगली गगनबावड्यावरून मालवणकडे उतरते. तेव्हा जी रुंद पुळण दिसते ती जुलैत नसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या आत नेतात आणि पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा तयार होतो. लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात, किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचा जोर निघून गेलेला असतो. लाटेची उंची निम्मी झाली की तिची ऊर्जा चौथाईवर येते, म्हणून हा उंचवटा फार मोलाचा. दसऱ्यानंतर समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणजे वाळू जागची हलते तेव्हाच ती राखण करत असते. दरवर्षी परत येणारी वाळू जाणाऱ्या वाळूपेक्षा कमी पडायला लागली, की धूप सुरू होते. तेवढी तूट बाहेरून भरून काढणं म्हणजे वाळूची भर.

दगडी बंधाऱ्याचं काय होतं? मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथे मी माडांची मुळं छातीइतक्या उंचीवर उघडी पडलेली पाहिली आहेत, झाडूच्या काड्यांसारखी खाली लोंबणारी. गावकऱ्यांनी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला तर त्यांना दोष देणार नाही. घर जात असताना माणूस दगडच मागणार. पण भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरते ती जोर घेऊन, आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते. पायथा खोल होत जातो, पुढची लाट आणखी मोठी येऊन भिडते, दगड खचतात, पुन्हा टाकावे लागतात. भिंत जमीन वाचवते, पण पुळण घालवते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आणि होडी वर घ्यायला जागा उरत नाही. शिवाय भिंत जिथे संपते त्याच्या पलीकडच्या घराखालची धूप वाढते. तेव्हा ‘एकदाच खर्च’ हे भिंतीबद्दलही खरं नाही. तो दुरुस्तीचा खर्च आपण हिशेबात धरत नाही इतकंच.

तुमच्या भागातला द्राक्षबागायतदार एप्रिलला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला फळछाटणी करतो, मध्ये औषधं मारतो. मारलेलं औषध पावसाने धुतलं म्हणून पैसे बुडाले असं तो म्हणत नाही. त्या दिवसांत वेलीवर डाऊनी रोग आला नाही ना, एवढं तो बघतो.

वाळूची अशी नेमाने भर घालणं नेदरलँड्समध्ये धोरण म्हणून स्वीकारलं गेलं. १९५३च्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली. देशाची चौथाईहून जास्त जमीन समुद्रपातळीच्या खाली आहे. त्यांनी १९९०ची किनारारेषा पायाभूत धरली आणि ती मागे सरकू द्यायची नाही असं ठरवलं. २००१पासून ते वर्षाला साधारण १ कोटी २० लाख घनमीटर वाळू किनाऱ्याला घालतात. ती वाहणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. २०११मध्ये तर हेगजवळ त्यांनी एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकून ठेवली. वारा आणि लाटांनी ती पुढची वीस वर्षं शेजारच्या किनाऱ्यांवर पसरवत न्यावी अशी योजना. तिथे वाहून जाणं हीच वाटपाची पद्धत आहे.

त्या कामाला साधारण ७ कोटी युरो लागले. आपल्या मापात ती वाळू ७५ लाख ब्रासच्या वर भरते, म्हणजे ब्रासला नऊ-साडेनऊ युरो पडले. ट्रकने येणाऱ्या नदीच्या वाळूशी याची तुलनाच होत नाही. कारण ती नदीतली नाहीच. किनाऱ्यापासून लांब, २० मीटरपेक्षा खोल समुद्रतळावरून जहाज ती शोषून घेतं आणि किनाऱ्याजवळ येऊन सोडतं किंवा पाइपातून फवारतं. कृष्णा, येरळा, माण, अग्रणी यांतला एक ब्रासही समुद्राकडे न्यायला माझा ठाम विरोध आहे. उलट अनेक किनारे उपाशी राहिले ते नद्यांची वाळू अडल्यामुळे आणि उपसल्यामुळे. महाबळेश्वरला निघालेली आपली कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. मुखाशी पोहोचणारा गाळ कमालीचा घटला आणि आंध्रच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी झिजू लागला. समुद्राशी आपला संबंध काय, या तुमच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे.

मायामीबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. तिथला किनारा १९७०च्या दशकात जवळपास संपला होता, वाळू भरल्यावर पर्यटकांची संख्या दुपटीहून जास्त वाढली, असं मी मोठ्या उत्साहाने लिहिलं. पण आलेला प्रत्येक पर्यटक हा फायदा धरता येत नाही. मायामीला नसता आला तर तो दुसऱ्या किनाऱ्यावर गेला असता. देशाच्या हिशेबात ते एका खिशातून दुसऱ्या खिशात. वाळू घातली तर काय होईल आणि नाही घातली तर काय होईल, यातला फरक तेवढा फायद्यात धरायचा. अमेरिकेतही सरकारी मंजुरीसाठी मुख्य समर्थन वादळात टळणाऱ्या नुकसानीवरच करावं लागतं, करमणुकीचा फायदा दुय्यम असतो. हे मी लिहायला हवं होतं. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

फायदा कुणाचा आणि पैसे कुणी द्यायचे, हा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात कळीचा प्रश्न. तुमच्या वाळवा तालुक्यातली क्षारपड, म्हणजे पाणी आणि मीठ साठून नापीक झालेली, जमीन डोळ्यासमोर आणा. एकट्याने शेतात पाइप घालून निचरा करायचा म्हटलं तर पाणी बाहेर काढायला शेजाऱ्याच्या रानातून चर न्यावी लागते. शेजारी तयार नसेल तर घातलेला पाइप फुकट. आणि सगळ्यांनी मिळून चर काढली की वर्गणी न देणाऱ्याचंही रान सुधारतं. किनाऱ्यावर नेमकं हेच होतं. एका हॉटेलवाल्याने आपल्या समोर वाळू टाकली तर दोन पावसाळ्यांत ती शेजाऱ्याच्या समोर जाते, म्हणून एकटा कुणी टाकत नाही. मग काम सरकारवर येतं. पण सरकारने केलं म्हणून सगळा बोजा करदात्यावर टाकावा असं मुळीच नाही. अमेरिकेत पहिल्या भरणीचा साधारण ६५ टक्के भाग केंद्र उचलतं, उरलेला स्थानिकांनी द्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक भरणीत स्थानिकांचा वाटा ५० टक्क्यांवर जातो. माझ्या मते आपल्याकडे समुद्रासमोरच्या रिसॉर्टकडून खोल्यांच्या प्रमाणात वसुली व्हावी, रापणकरांकडून आणि गावठाणातल्या घरांकडून एक रुपयाही नको. जिथे बंदराच्या भिंतीने वाळू अडली असेल तिथे खर्च बंदराचा. विशाखापट्टणमला बंदरापाशी साठणारी वाळू काढून शहराच्या किनाऱ्यावर टाकण्याचं काम कित्येक दशकं चालू आहे. ही मला दयेची गोष्ट वाटत नाही. अडवलेली वाळू परत करणं आहे.

तुम्ही धोक्याचा एक मुद्दा लिहिला नाहीत, तो मीच घालतो, कारण माझ्या बाजूने तो सगळ्यात अवघड आहे. पुळण रुंद झाली की मागच्या जमिनीचे भाव चढतात, सुरक्षित वाटून आणखी बांधकामं होतात आणि पुढच्या वादळात नुकसानीचा आकडा वाढतो. भरतीरेषेलगतच्या बांधकामाला आळा घालण्याचे नियम जिथे पाळले जात नाहीत तिथे वाळू घालूच नये, असं माझं मत आहे. वाळूत राहणाऱ्या जिवांनाही भरीचा धोका असतो. भर पडते तेव्हा ते गाडले जातात, आणि कणाचा आकार बदलला तर तिथे पुन्हा वस्ती व्हायला जास्त वेळ लागतो. मूळच्यापेक्षा बारीक वाळू घातली तर ती टिकतही नाही. खाडीचा काळा गाळ उपसून पुळणीवर पसरणं हे या कामात बसत नाही.

कोकणात एक गोष्ट जमेची आहे. तिथले बरेचसे किनारे दोन डोंगरी टोकांच्या मध्ये अडकलेले, खिशासारखे आहेत. घातलेली वाळू लांब वाहत जात नाही, त्याच खिशात फिरते. सलग सरळ किनाऱ्यापेक्षा इथे भर जास्त दिवस पुरायला हवी. मग देवबागला वाळू टाकावी का, असं तुम्ही सरळ विचाराल. आज मी हो म्हणणार नाही. तिथे खाडीचं तोंड शेजारीच आहे, वाळू दोन्हीकडे खेळते. आधी चार-पाच वर्षं मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या जागांवरून किनाऱ्याची उंची मोजावी, पाण्याखालीही मोजावी. दरवर्षी किती वाळू कमी पडते हा आकडा हाती आला की भरणीचा खर्च काढायला अवघड नाही. मग मागच्या घरांची, माडांची, विहिरींची किंमत शेजारी मांडून बघायची.

तुम्ही लिहिलंत की तुमचंही सव्वा एकर रान मिठाने पांढरं झालंय आणि शेजाऱ्यांशी चरीचं बोलणं अडलंय. ते पुढे सरकलं तर कळवा. वर्गणी कशी ठरली, एकराप्रमाणे की क्षाराच्या प्रमाणात, हे मला मुद्दाम जाणून घ्यायचंय.