‘घरात बसून ज्ञान पाजळू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया तीन-चारदा वाचली, मगच लिहायला बसलो. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सह्याद्रीत जाण्याआधी ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला नकाशा ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड या नेटशिवाय चालणाऱ्या फोनच्या अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: ‘घरात बसून ज्ञान पाजळू नका. कुणीही उठून रेघ मारायची आणि पोरांनी त्या रेघेवरून डोंगर चढायचा? नेट नसलं की जीपीएसही लवकर लागत नाही. बॅटरी संपली की काय? गुगलचा नकाशाही ऑफलाइन मिळतो. त्यापेक्षा गावातला वाटाड्या घ्या.’

आधी पहिल्या वाक्याबद्दल. मी कुठं बसून लिहितो हे आपल्याला माहीत नाही. लेखात मी कुणाला कमी लेखलं नव्हतं, कुणाची अक्कल काढली नव्हती. नकाशाबद्दल शंका होती तर ती सरळ विचारता आली असती, ‘पाजळू नका’ कशासाठी?

मी १९ वर्षं डोंगरात फिरतोय. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे मी चौथ्यांदा जात होतो, म्हणजे वाट तोंडपाठ होती असं समजत होतो. खिंडीच्या वर पठारावर धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं अंधुक. दोन-अडीच तास चाललो आणि एका करवंदीच्या जाळीला अडकलेला रुमाल दिसला. ओला, निळ्या काठाचा. तो माझाच होता, सकाळी खिशातून पडलेला. याला गावाकडे चकवा म्हणतात. ती रात्र आम्ही तिघांनी एका कातळाच्या आडोशाला बसून काढली. तेव्हा माझ्या फोनमध्ये नकाशा नव्हता. असता तर आपण पुन्हा त्याच वळणावर आलोय हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं असतं. तेव्हापासून मी नकाशाच्या मागे लागलो. हे घरात बसून सुचलेलं नाही.

जीपीएसबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करतो. ‘जीपीएसला नेट लागत नाही’ एवढंच लिहून मी थांबलो, ते अपुरं होतं. नेट असेल तर उपग्रहांची माहिती फोनला तिकडून पटकन मिळते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट या वेगानं घ्यावी लागते. म्हणून पहिल्यांदा जागा सापडायला वेळ जातो आणि झाडीत किंवा कड्याखाली तो आणखी वाढतो. पायथ्याच्या गावात, मोकळ्या अंगणात जीपीएस लावून घ्यायचा आणि मगच निघायचं. लेखात ही भर घातली आहे.

आता ‘कुणीही उठून रेघ मारायची’. खरं सांगतो, हे वाक्य मला लागलं. त्यातल्या काही रेघा मी मारल्या आहेत, आणि त्या मारायला किती पायपीट लागते ते मला ठाऊक आहे.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि कुणालाही बदल करता येतो हे खरंच आहे. पण प्रत्येक रेघेचा इतिहास तिथं राहतो: कुठल्या सदस्याच्या खात्यावरून काढली, कधी काढली, नंतर कुणी सरकवली. फोनमध्ये उतरवलेल्या फाइलमध्ये हा इतिहास येत नाही. तो निघण्याआधी संकेतस्थळावरच बघायचा असतो, आणि हो, तो घरात बसूनच बघायचा असतो.

चुका होतात, त्या मी लपवलेल्या नाहीत. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात कोरडा ओढा पांढरट पट्ट्यासारखा दिसतो आणि पायवाटही तशीच दिसते. अशी एक ‘वाट’ मला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाच्या बाजूला सापडली. इतिहास बघितला तर ती फक्त चित्रावरून काढलेली. जागेवर गेलो, तर पुढे सरळ घळ. खरी ढोरवाट डावीकडून, डोंगराच्या पदराला (कड्याखालच्या सपाट पट्ट्याला) धरून जाते. ती मी दोनदा चालून नोंदवली, कारण कड्याजवळ उपग्रहाचा संदेश दगडावर आपटून येतो आणि नोंद दहा-वीस पावलं इकडेतिकडे सरकते. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून रेघ काढली, जुनी पुसली. चूक दिसली की ती मी दुरुस्त करू शकतो आणि तुम्हीही करू शकता, म्हणून मी या नकाशाच्या पाठीशी आहे. कंपनीच्या नकाशात मी फार तर तक्रार पाठवतो आणि वाट बघतो.

उंचीच्या रेषांबद्दल तर लेखातच बजावलं होतं. त्यातल्या बऱ्याच रेषा २००० सालच्या अवकाशयानाच्या मोजणीवरून येतात. त्या मोजणीतल्या एका चौकोनाची बाजू साधारण ३० मीटर, त्यामुळे कोकणकड्यासारखा तुटलेला कडा नकाशात नुसता तीव्र उतार वाटू शकतो. एवढं लिहूनही ‘पोरांना कड्यावर पाठवतोय’ असा सूर लावायचा असेल, तर लेख शेवटपर्यंत वाचला होता का, असं विचारावंसं वाटतं.

बॅटरीचं म्हणाल तर पॉवरबँक न्या, फोन विमान मोडवर ठेवा. गुगलच्या ऑफलाइन नकाशात पायी चालण्याचा मार्ग निघत नाही, तो विषय तिथंच संपला. आणि वाटाड्या नको असं मी कुठं लिहिलंय? पाचनईच्या ज्या मामांसोबत मी पहिल्यांदा ती ढोरवाट चाललो, त्यांनी सांगितलेली पाण्याच्या टाक्यांची नावं आज नकाशात मराठीत आहेत.

एक विनंती आहे. चुकीच्या रेघेमुळे तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी खरंच अडकलं असेल, तर गड आणि बाजू एवढं खाली लिहा. डिसेंबरात माझे दोन शनिवार-रविवार मोकळे आहेत. तिथं जाऊन ती वाट चालून बघतो आणि चुकीची निघाली तर त्याच रात्री पुसतो.