‘महिना झाला तरी फरक शून्य’ या अभिप्रायाला केंद्राचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. वडील न्यूमोनियामुळे आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते, तिथून तुम्ही त्यांना आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या पुनर्वसन केंद्रात आणलंत. तुमचं म्हणणं असं की थकलेल्या माणसाला आम्ही पहिल्याच आठवड्यात जबरदस्तीने उभं केलं, पुढे काही दिवस दहा मिनिटांत खुर्चीत बसवलं आणि पैसे मात्र पुरे घेतले, साधी पेज आणि चहासुद्धा दिला नाही, ते आता चिडचिड करतात आणि महिना होऊनही फरक शून्य. त्यांच्या फाईलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही, ते चारचौघांत मांडायचं नसतं. तुम्ही लिहिलंत तेवढ्यालाच धरून बोलते, कारण आयसीयूतून माणूस घरी आणणाऱ्या इतरांनाही हे कळायला हवं.

‘अजून आठ दिवस पडून राहू दे’ हे मायेपोटीच म्हटलं जातं, पण म्हाताऱ्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला होता. दहा दिवसांत तो सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी घटला. खुर्चीवरून उठायला लागतो तो हाच स्नायू, आणि सत्तरीनंतर मुळातच तो बेताचा उरलेला असतो. म्हणून आम्ही उभं करतो. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना माणूस, आणि झोपून, बसून, उभं राहून असा तीनदा रक्तदाब बघूनच. थांबवतोही त्याच हिशेबाने. ऑक्सिजन उतरला, नाडी चढली, एक वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला, की त्या दिवसापुरतं पुरे. आदल्या दिवसाचा थकवा सकाळी उतरलेला नसेल तर व्यायाम कमीच. खुर्चीत बसवलेलं तुम्हाला दिसलं तेव्हा थेरपिस्ट शेजारी बसून नाडी खाली यायची वाट बघत होती. ती वेळही उपचाराचीच आहे, त्यामुळे त्या दिवसांची फी परत करता येणार नाही.

पेजेचा राग मला सगळ्यात जास्त समजतो. गोंयच्या घरात आजारी माणसाला पेज दिली नाही म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको. पण घशातून व्हेंटिलेटरची नळी गेलेल्या बऱ्याच जणांची गिळण्याची ताकद काही काळ मंदावते, आणि पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. कधी कधी साधा ठसकाही लागत नाही, थेट पुन्हा न्यूमोनियाच होतो. त्यातही पेज फसवी. वरची निवळ पाण्यासारखी, खाली शितं; एकाच घोटात दोन प्रकार तोंडात येतात आणि कमजोर घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत आमच्याकडे पेज मिक्सरमधून एकजीव करून, दाट करूनच देतात. चहाही दाट करून देतात. तो कुणालाच आवडत नाही, हे खरं. तपासणी पार पडली की नेहमीचा चहा सुरू होतो. घरून डब्यात पातळ काही आणू नका, ही विनंती मी पुन्हा करते. त्याऐवजी उकडलेलं अंडं कुस्करून किंवा काटे काढलेला मऊ मासा आणायचा असेल तर आधी आमच्या थेरपिस्टला विचारा. स्नायू भरायला प्रथिनं लागतातच.

चिडचिड, रात्री दचकून उठणं, ‘मला बांधून ठेवलंय’ असं म्हणणं हे आमच्याकडे आल्यामुळे होत नाही. आयसीयूनंतर शरीर, मन आणि स्मरणशक्ती तिन्ही रेंगाळतात. डॉक्टरांनी त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम असं नावही दिलं आहे. वाद घालू नका. काय झालं होतं, किती दिवस होते, कोण भेटायला येत होतं, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी ठेवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा. मात्र गोंधळ एकाएकी वाढला तर आमची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, नवा संसर्ग असू शकतो.

महिन्यात फरक दिसायला हवा होता, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण ब्रिटनच्या ‘नाईस’ या आरोग्यविषयक संस्थेची २००९ची मार्गदर्शक सूचना आयसीयू सोडल्यावर दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगते, कारण तेव्हाही बरंच काम बाकी असतं. चवथीला ते उभे राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधतील, असा शब्द आम्ही कुणालाच देत नाही. हात डोक्यावर धरून उभं राहणं ही फार पुढची पायरी आहे. यंदा खुर्ची माटोळीखाली ठेवा. असोले नारळ कुठे, सुपारीचे घोस कुठे, हे त्यांनी सांगावं आणि तुम्ही बांधावं.

उपचार थांबवायचे की नाही हा निर्णय तुमचा. त्याआधी एकदा सकाळी, व्यायामाच्या वेळी येऊन शेजारी उभे राहा. त्यांच्या नोंदींचा तक्ता मी स्वतः तुमच्यासमोर उलगडून दाखवीन. येताना घराच्या पायऱ्यांची, उंबरठ्याची आणि न्हाणीच्या दाराची मापं टेपने घेऊन या, सोबत मोबाइलवर फोटोही. घरी नेण्याआधी तेवढ्याच उंचीच्या पायरीवर त्यांचा सराव करून घ्यायचा आहे.