थंडीत सुरू न होणारी जुनी डिझेल इंडिका : आपल्या अभिप्रायाला गॅरेजकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, सकाळी सुरू न होणारी जुनी डिझेल इंडिका आपण आमच्याकडे आणली, आम्ही ती दोन रात्री ठेवून घेतली, चारही हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) बदलून त्यांचे पैसे लावले आणि आठवडा उलटायच्या आत गाडी जांबोटीला घरासमोर पुन्हा बंद राहिली. शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनने नवी बॅटरी बसवल्यावर ती पाच मिनिटांत सुरू झाली, म्हणजे दोष बॅटरीचाच होता आणि प्लगांचा खर्च आम्ही उगाच करायला लावला. त्या सकाळी आपल्याला आईंना घेऊन बेळगावला दवाखान्यात यायचे होते, हेही आपण लिहिले आहे. त्या वेळी आपली काय ओढाताण झाली असेल हे मी समजू शकतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पण प्लग उगाच बदलले, हे मात्र खरे नाही. आपल्या भागात जुनी डिझेल गाडी सांभाळणारे बरेच जण हा अभिप्राय वाचतील, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

गाडी आणली तेव्हा आपण सांगितलेली लक्षणे जॉब कार्डवर आपल्याच शब्दांत उतरवलेली आहेत : सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) फिरतो पण गाडी धरत नाही, बऱ्याच वेळाने धरलीच तर पांढरा धूर येतो आणि मिनिटभर थरथरते, ऊन वर आल्यावर काहीच त्रास नाही. अभिप्रायात मात्र आपण लिहिता की, नंतर गाडी बंद राहिली त्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसता टक्-टक् आवाज आला, सेल्फ फिरलाच नाही. ही दोन लक्षणे एका दोषाची नाहीत. सेल्फ फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर डिझेल पोहोचते का, लाइनमध्ये एअर धरली आहे का आणि सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता तयार होते का, हे बघावे लागते. सेल्फच फिरत नसेल, तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि सेल्फ मोटर यांच्याकडे वळावे लागते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस पटींहून अधिक दाबली गेली की ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. आपल्या गाडीचे इंजिन जुन्या पद्धतीचे आहे. त्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारले जाते, आणि रात्रभर गारठलेले लोखंड त्या कप्प्यातल्या हवेची उष्णता शोषून घेते. ती तूट भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. दुपारी 28-30 अंशांना यांतले दोन प्लग मेलेले असले तरी गाडी निमूट सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12-13 अंशांपर्यंत उतरला, आणि जांबोटी-कणकुंबीकडे घाटाच्या कडेला उघड्या अंगणात गाडी उभी असली, की तेच दोन मेलेले प्लग तिला रोखून धरतात.

गाडी रात्री ठेवून घेण्याचे कारणही हेच आहे. आपण ती उद्यमबागेत आमच्या गॅरेजवर चालवत आणली होती, म्हणजे इंजिन गरम होते, आणि गरम इंजिनावर थंडीतला दोष दिसत नाही. म्हणून ती रात्री शेडबाहेर उघड्यावर लावली आणि पहाटे, कोणी किल्लीला हात लावण्याआधी, तपासली. प्लगांची वायर सोडून एकेकाला मल्टीमीटर लावला. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. आपल्या गाडीच्या दोन प्लगांवर काट्याने जागाच सोडली नाही, म्हणजे आतली तार तुटलेली होती. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझत होता, म्हणून प्लग ठीक आहेत असा आपला समज होता. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो. प्लग तापला की नाही, हे त्याला कळत नाही.

दुसरी रात्र प्लग काढण्यासाठी लागली. इतकी वर्षे न हललेला हीटर प्लग कार्बनने हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, चिकटून बसतो. घाईने पाना फिरवला आणि तो आत मोडला, तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तो खर्च प्लगांच्या कितीतरी पट होतो. म्हणून संध्याकाळी आट्यांवर गंज सुटण्याचे तेल सोडून रात्रभर मुरू दिले आणि सकाळी इंजिन गरम करून एकेक प्लग हळूहळू, पुढे-मागे करत सोडवला. एकाचे टोक फुगून तडकलेले होते, दुसऱ्याचे जळून आखूड झाले होते. उरलेले दोन चालू होते हे खरे, पण तेही त्याच वयाचे. जुने-नवे एकत्र बसवले तर सारखे तापत नाहीत, शिवाय पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हीच मजुरी पडली असती. आपल्याला फोनवर विचारून, आपण हो म्हटल्यावरच चारही बदलले. जुने चारही प्लग खोक्यात घालून डिकीत ठेवले आहेत. ते कोणत्याही मिस्त्रींना दाखवावेत.

आता बॅटरीविषयी. आपल्या इलेक्ट्रिशियनचे निदान चूक नव्हते. प्लग तपासले त्याच पहाटे आमच्या तपासणीत बॅटरी नुसती उभी असताना 12.3 व्होल्ट दाखवत होती, पण सेल्फ फिरताना 9 च्या खाली घसरत होती. चांगली बॅटरी त्या वेळी साडेनऊच्या वर टिकली पाहिजे. जॉब कार्डवर 'बॅटरी लोडवर कमजोर, बदलणे आवश्यक' अशी नोंद आहे आणि खाली आपली सही आहे. एकदम दोन खर्च नकोत, बॅटरी पुढच्या महिन्यात बघू, असे आपण म्हणालात. तो निर्णय आपला होता आणि त्यामागची अडचण मी समजतो.

सेल्फ आधी फिरत होता आणि प्लग बदलल्यावरच बंद का पडला, हा प्रश्न आपल्याला पडणे रास्त आहे. तुटलेला प्लग वीज ओढतच नाही. आधी चारांपैकी दोनच प्लग बॅटरीवर भार टाकत होते. चारही चालू झाल्यावर, सेल्फ मारण्याच्या आधीच, तिच्यावरचा भार जवळपास दुप्पट झाला, आणि एकेक प्लग दहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्यात थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. दुबळी बॅटरी अशा सकाळी तग धरत नाही. म्हणूनच बॅटरीची नोंद प्लगांच्या बरोबरीने केली होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मेलेल्या प्लगांवर नुसती नवी बॅटरी बसवली असती, तर सेल्फ जोरात फिरला असता, गाडी धूर सोडत कशीबशी धरली असती आणि दोष झाकला गेला असता. पुढे दर सकाळी लांबलचक सेल्फ मारून नव्या बॅटरीचे आणि सेल्फ मोटरचे आयुष्य मात्र कमी झाले असते.

अभिप्रायात आपण एक गोष्ट सहज लिहून गेला आहात, ती मला सर्वांत जास्त टोचली. शेजाऱ्यांनी एअर फिल्टर काढून पेट्रोलचा बोळा धरून पाहिला, असे आपण लिहिता. खानापूर, चंदगड, निपाणीकडे हा उपाय सर्रास केला जातो. हीटर प्लग लाल असताना पेट्रोलची वाफ आत गेली, तर ती पिस्टन वर येण्याआधीच पेटते. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड यांना धक्का बसतो, आणि बाहेर भडका उडाला तर माणूस भाजतो. आता चारही प्लग चालू आहेत, त्यामुळे हा धोका वाढला आहे. कृपा करून आपल्या गाडीवर हे पुन्हा कोणालाही करू देऊ नये. स्टार्टिंग स्प्रेलाही हेच लागू आहे.

नव्या बॅटरीची वॉरंटी आपल्या दुकानदाराकडे आहे, पण ती नीट चार्ज होते की नाही हे एकदा बघून घेणे आवश्यक आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळाले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल, अन्यथा नवी बॅटरीही काही महिन्यांत बसेल. गाडी चावी काढून बंद असताना किती वीज गळते, तेही मोजून देऊ. जुन्या गाडीत नंतर बसवलेला टेप किंवा अलार्म रात्रभर बॅटरी खात असतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. या तपासणीचे पैसे घेणार नाही. बेळगावला येणे होईल तेव्हा सकाळी लवकर गाडी आणावी, येताना जॉब कार्ड आणि डिकीतले जुने प्लगही आणावेत. मी स्वतः आपल्यासमोर मीटर लावून सगळे आकडे दाखवीन. त्यानंतर आपल्याला अभिप्राय तसाच ठेवावासा वाटला, तर अवश्य ठेवावा.

आपला,
गॅरेजचालक, उद्यमबाग, बेळगाव