फुकटच्या फोर बाय फोर आणि परत जाणारे पैसे

व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका मेसेजचा मथितार्थ असा: डोंगर-जंगलात गस्त घालायला केंद्र सरकार पोलिसांना गाड्या फुकट देतं. त्यासाठी 26,275 कोटी पडून आहेत, मागायला कोणी जात नाही म्हणून ते परत जातात. आमदारांनी एक पत्र दिलं की जिल्ह्यात दहा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या) उभ्या राहतील आणि जंगलातला प्रश्न मिटेल.

आधी आकडा. 26,275 कोटी खरे आहेत, पण ते 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांच्या पोलीस आधुनिकीकरणाच्या अख्ख्या छत्री योजनेचे, म्हणजे अनेक योजना एकत्र बांधलेल्या मोठ्या योजनेचे. जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलग्रस्त भागांतला सुरक्षा खर्च, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सगळं त्यातच. राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाला त्यातले 4,846 कोटी. सगळ्या राज्यांना मिळून, पाच वर्षांसाठी. शस्त्रं, वायरलेस आणि इतर साधनं यांतून उरेल ते गाड्यांना, तेही ईशान्येकडची बंडखोरीग्रस्त राज्यं आणि नक्षलग्रस्त जिल्हे यांतच.

"फुकट" हा शब्दही चुकीचा. महाराष्ट्राला 60:40 लागू आहे. 90:10 ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांना. 16 लाखांच्या गाडीत केंद्राचे 9.60 लाख, राज्याचे 6.40 लाख. तेही गाडी दारात येईपर्यंतच. चालकाचा पगार, डिझेल, टायर, क्लच प्लेट राज्याच्या खिशातून. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, गिअर सर्वांत हळू) घाट चढणाऱ्या जीपला डिझेलचा कोटा हायवेवरच्या गाडीइतकाच धरला, तर महिना संपायच्या आत ती ठाण्याच्या आवारात झाडाखाली उभी. नक्षलग्रस्त भागासाठी सुरक्षाविषयक खर्चाची वेगळी योजना आहे, पण ती प्रतिपूर्तीची: आधी राज्याने खर्च करायचा, मग हिशेब पाठवायचा.

"मागायला कोणी जात नाही, म्हणून पैसे परत जातात." पैसे अडतात, एवढं खरं. कारण मात्र आळस नव्हे. जिल्ह्यांच्या मागण्या एकत्र होऊन राज्याचा वार्षिक कृती आराखडा तयार होतो. तो मुख्य सचिवांच्या समितीपुढे जातो, तिथून दिल्लीत गृह मंत्रालयाच्या समितीपुढे. मंजुरी आली, हप्ता आला, की खरेदी. आणि आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला (राज्यांसाठीचा नमुना 12-सी), गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

गाडं अडतं ते बहुतेक दोन जागी. एक, तांत्रिक विनिर्देश, म्हणजे गाडी नेमकी कशी हवी याचं लेखी वर्णन. एखाद्या कंपनीचं मॉडेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले विनिर्देश आक्षेपात सापडतात. नुसतं "चारचाकी, डिझेल, सात आसनी" लिहिलं की सर्वांत स्वस्त टू-व्हील ड्राइव्ह येते. लो-रेंज ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारा, हळू गिअर असलेला जादा गिअरबॉक्स), मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), किमान ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची उंची), किती पाण्यातून जायचं, माणसं-सामान मिळून किती वजन: हे आकड्यांत लिहावं लागतं. वजन तर हमखास विसरलं जातं. 75 किलोची सहा माणसं, प्रत्येकाचं 20 किलो सामान, इथेच 570 किलो झाले. वायरलेस, जादा बॅटरी, दुसरी स्टेपनी, डिझेलचा कॅन अजून बाकीच. दोन, मार्च. पैसा वर्षअखेरीस हातात पडला तर खर्चच होत नाही, आणि खर्च नाही तर प्रमाणपत्र कशाचं द्यायचं?

आमदारांचं पत्र? जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून राज्यात अनेक जिल्ह्यांत पोलिसांना गाड्या मिळाल्या आहेत, हे कबूल. पण तो राज्याचाच पैसा, त्यात केंद्राचं अनुदान नाही. तिथेही प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता आणि ठाण्याची मंजूर वाहनसंख्या आड येते. जुन्या गाडीचं निर्लेखन (नोंदींतून अधिकृतपणे काढून टाकणं) झालेलं नसेल तर ती कागदावर चालूच असते, मग तिच्या जागी नवी कशी मागणार? 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते. सूट आहे ती चिलखती आणि तत्सम विशेष वाहनांना, गस्तीच्या साध्या जीपला नाही. त्यामुळे ताफा दोन्ही बाजूंनी आक्रसतो.

राहिला "प्रश्न मिटेल"चा दावा. 1 मे 2019 ला गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस आणि खासगी गाडीचा चालक गेले. रस्त्याखालच्या सुरुंगाला वरच्या गाडीची किती चाकं फिरतात याच्याशी देणंघेणं नसतं. तिथे रस्ता आधी पायी तपासणारी तुकडी लागते, नाहीतर गाडी सोडून पायीच जावं लागतं.

जिथे सुरुंग नाहीत, तिथे गाडी हवीच. पण चालकाला दोन दिवस तरी शिकवून. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर पार्ट-टाइम असतात, म्हणजे चारही चाकांचा जोर गरजेपुरताच जोडायचा असतो. चिखलातून बाहेर पडून कोरड्या डांबरावर तसंच फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) वळणं घेत राहिलं, की पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक निघायला वाट मिळत नाही. स्टिअरिंग जड होतं, ट्रान्सफर केस कुरकुरते, शेवटी युनिव्हर्सल जॉइंट तुटतो. मग "सरकारी गाडी भिकार" म्हणायला सगळे मोकळे. नाला ओलांडल्यावर ॲक्सलचं तेलही बघावं लागतं: तापलेला ॲक्सल पाण्यात थंड झाला, ब्रीदर (ॲक्सलची हवा जाण्या-येण्याची नळी) बुजलेला असला, तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदलायचं.