‘परदेशात रुपयेच निवडा’ : त्या मेसेजचं काय करायचं?

सुट्ट्या जवळ आल्या की परदेशात कार्ड कसं वापरावं हे सांगणारा हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, ‘बँकेतल्या माणसाने सांगितलंय’ या शिक्क्यासकट. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत.

‘कार्ड घासताना मशीनने विचारलं तर रुपये निवडा, रूपांतराचे पैसे वाचतात.’ चौघांत हाच सर्वांत महागात पडणारा सल्ला. रुपये निवडले की दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागत नाही. तो दुकानदाराची बँक किंवा एटीएम चालवणारी कंपनी ठरवते आणि स्वतःचा नफा त्यातच मुरवते. समजा, बँकॉकमधलं बिल व्हिसा-मास्टरकार्डच्या दराने 10,000 रुपयांचं आहे. बाट, म्हणजे तिथलं चलन, निवडलेत आणि तुमची बँक 3.5 टक्के मार्कअप (चलनबदलाचं जादा शुल्क) लावते, तर 350 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 63, एकूण 10,413. रुपये निवडलेत आणि समोरच्याने 6 टक्के चढवले, तर 10,600. वर अशा रुपयांतल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या बऱ्याच बँका 1 टक्क्याच्या आसपास शुल्क आणि जीएसटी घेतात. म्हणजे जे वाचवायला निघालो तेही भरलंच!

एटीएमवर तर शब्दांचा खेळ असतो. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ (रूपांतर नाकारा) वाचून वाटतं, व्यवहारच रद्द होईल. होत नाही. तेच बटण दाबायचं, नोटा बाहेर येतात. दुकानात विक्रेत्याने न विचारता रुपये टाकले असतील, तर पावती बघून व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. निवड कार्डधारकाची, असा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे.

‘फॉरेक्स कार्डाला कुठेच शुल्क नाही.’ फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परकी चलन भरून घेतलेलं प्रीपेड कार्ड. ज्या चलनात पैसे भरलेत तिथे मार्कअप नसतो, एवढं खरं. डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलंत, तर बहुतेक कार्डांवर चलनबदलाचं शुल्क बसतं. शिवाय तिथली एटीएम परदेशी कार्डाकडून दर खेपेला दोनशेहून जास्त बाट वेगळे घेतात. भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून प्रीपेड कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, ते निराळंच.

‘क्रेडिट कार्डावर 20 टक्के कर कापतात.’ नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या या कराच्या हिशोबात धरत नाहीत. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा धरतात, पण एप्रिल 2025 पासून कर लागतो तो वर्षाला 10 लाखांच्या पुढच्या रकमेवरच. कापलेली रक्कमही विवरणपत्रात वळती करून मिळते.

‘ओटीपी आहे, कार्ड हरवलं तरी चिंता नको.’ ओटीपीची सवय आपल्याला इथल्या नियमांनी लावली. अनेक परदेशी संकेतस्थळांवर नंबर, मुदत आणि सीव्हीव्हीवर काम भागतं. दुकानात छोटी रक्कम नुसतं टेकवूनही जाते. हरवलं की आधी ॲपमधून बंद करायचं आणि बँकेला कळवायचं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेच्या माथी, हे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलंय.

माणसं परदेशात खरी अडकतात ती ज्या कारणाने, त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड येतं ते फक्त देशांतर्गत वापरापुरतं चालू असलेलं. आंतरराष्ट्रीय वापर आपणच ॲपमध्ये चालू करायचा असतो, एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी. विमानतळाला निघण्याआधी, घरच्या वायफायवर, पाच मिनिटांचं काम.