43 अंशांची हवाही गारच असते : रत्नागिरीच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

रत्नागिरीत राहता आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, एवढीच ओळख तुम्ही दिलीत, म्हणून ‘सर’ म्हणतो. माझ्या ‘उन्हाळा आणि लॅपटॉप’ या लेखावर तुम्ही चांगलेच ताशेरे ओढलेत. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, कूलिंग पॅडला (लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या स्टँडला) मी ‘पैसे पाण्यात’ म्हणालो, पण तुमच्या लॅपटॉपचं तापमान पॅडने 8 अंशांनी उतरलं. दोन, टर्बो (प्रोसेसरचा थोड्या वेळापुरता वाढवलेला वेग) बंद करायला सांगणं म्हणजे गाडी घेऊन दुसऱ्या गियरमध्ये चालवायला लावणं. तीन, प्रोसेसर 95 अंश सोसायलाच बनवलेला असतो, मी उगाच घाबरवतो. चार, रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावताना तुम्ही पॅडखाली बर्फाची जेलपिशवी ठेवता आणि दोन वर्षांत काहीही बिघडलेलं नाही.

पॅडपासून सुरुवात करतो, कारण तिथे मीच चुकलोय. लेखात मी लिहिलं होतं, ‘नागपुरात मे महिन्यात खोलीतलीच हवा 43 अंशांची, ती पंख्याने फेकून काय थंड होणार?’ वाक्य खटकेबाज, पण चुकीचं. प्रोसेसरवरची उष्णता तांब्याच्या हीट पाइपमधून पातळ पत्र्याच्या फिन्सपर्यंत येते. त्या फिन्स 70-80 अंशांना पोचल्या की 43 अंशांची हवाही त्यांच्यासाठी गारच.

हिशेब सोपा व्हावा म्हणून एक आकडा धरू : दर वॅटमागे प्रोसेसर खोलीच्या वर सव्वा अंश चढतो. 45 वॅटचं काम चालू असेल तर झाले 56 अंश. तुमच्या 30 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 86 वर, माझ्या 43 च्या खोलीत 99 वर. पॅडमुळे तुमच्याकडे 8 उतरले तर माझ्याकडेही साधारण 8च उतरतील. उलट मी 99 वर बसलेला, त्यामुळे त्या आठांची किंमत मला जास्त. हे तुमच्यामुळे नीट मांडून पाहिलं.

पण मग ते 8 अंश आले कुठून, हाही प्रश्न विचारा ना. लॅपटॉपचा पंखा बहुतेक वेळा तळाच्या जाळीतून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने फेकतो. रबरी पायांमुळे तळ आणि टेबल यांच्यात काही मिलिमीटरचीच फट राहते. पॅड दोन गोष्टी करतो : मागची बाजू उचलतो आणि खालून वारा घालतो. यातलं कुठलं किती कामाचं, ते फुकटात कळतं. पॅड काढा, पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं मागच्या दोन पायांखाली ठेवा, तोच व्हिडिओ पुन्हा रेंडर करा आणि पंधरा मिनिटांनी आकडा बघा. उतार बराचसा झाकणांनीच झाला, तर तुमच्या लॅपटॉपला पंखे नको होते, श्वास हवा होता. झाकणांनी काहीच फरक पडला नाही आणि पॅडनेच पडतो, तर मात्र मला धुळीची शंका येईल.

कारण धूळ बसते ती जाळीवर नाही. ती पंखा आणि फिन्स यांच्या मधल्या सांध्यात, आतल्या बाजूला, नमद्यासारखी जमते. बाहेरून टॉर्च मारली तरी फिन्स चकचकीत दिसतात. माझ्या भाच्याचा लॅपटॉप चार वर्षं गादीवरच वापरलेला. उघडला तर त्या सांध्यातून टोकाला धरून अख्खी पट्टी सोलून निघाली, कापसाच्या वातीसारखी. अशा लॅपटॉपलाही पॅडने दोन-चार अंशांचा आराम पडतो, आणि मूळ दुखणं आणखी वर्षभर झाकलं जातं. पॅडवर माझा खरा राग आहे तो एवढ्यासाठी.

इथेच एक कबुली. ‘ब्लोअरने हवा मारा’ एवढंच लिहून मी पुढे गेलो होतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी तसंच केलं होतं. पंखा विमानासारखा फिरला, मजा वाटली, आणि आठवड्याभरात बेअरिंग कुरकुरायला लागलं. तेव्हा लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा, पंख्याची पाती प्लॅस्टिकच्या काडीने अडवून धरायची आणि मगच, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथून आतल्या दिशेने, थोड्या थोड्या फुंकरीने हवा मारायची. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात न लावता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा.

आता दुसरा गियर. मी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 करायला सांगितलं होतं, त्याने टर्बो थांबतो. तुमची तक्रार निम्मी बरोबर आहे, कारण हा 99 आकडा मोठा फसवा. वाचणाऱ्याला वाटतं एक टक्का गेला. प्रत्यक्षात, उदाहरणार्थ, इंटेलच्या आय7-12700एच प्रोसेसरचा मूळ वेग 2.3 गिगाहर्ट्झ आणि टर्बोचा कमाल वेग 4.7. म्हणजे एका टक्क्याच्या नावाखाली कमाल वेग निम्म्यावर. हे लेखात यायलाच हवं होतं.

पण दुसरी बाजूही बघा. याच प्रोसेसरची मूळ शक्ती 45 वॅट आणि टर्बोत कमाल 115 वॅट. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. मघाच्याच हिशेबाने 115 वॅट म्हणजे खोलीच्या वर 144 अंश, जे व्हायचं नाहीच. त्याआधीच प्रोसेसर स्वतःचा गळा आवळतो, म्हणजे वेग कमी करतो. टर्बोची ती उडी थोड्या वेळाची. तुमचं तासाभराचं रेंडर त्या उडीवर चालत नाही, लॅपटॉप सतत किती उष्णता बाहेर टाकू शकतो यावर चालतं.

म्हणून तुमच्यासाठी वेगळा सल्ला. रेंडरच्या वेळी 100 वर ठेवा. ग्राहकाशी चॅट, बिलं, फुटेज चाळणं, यासाठी विंडोजचा वीज वाचवणारा मोड लावा. त्याने टर्बो पार मरत नाही, आवरता राहतो. आमच्या घरी मात्र 99 च. माझी बायको दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा करते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तिच्या लॅपटॉपचा पंखा आधी सकाळी दहालाच किंचाळायला लागायचा. 99 केल्यापासून ऐकू येत नाही, आणि वेग कमी झाल्याचं तिला मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

95 अंशांचा मुद्दा मान्य. लॅपटॉपच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 च्या आसपास असते. तिथे पोचला की तो वेग कमी करतो, त्याही पलीकडे गेला तर मशीन बंद पडतं. सिलिकॉन जळत नाही. मला काळजी प्रोसेसरची नाहीच, शेजाऱ्यांची आहे. त्याच पातळ डबीत लिथियम-आयन बॅटरी झोपलेली असते, आणि तिला उष्णता सोसत नाही. गरम राहणारी आणि कायम 100 टक्के भरलेली, हे दोन्ही एकत्र आलं की तिचं आयुष्य भराभर उतरतं. तुमचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला असणार. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर आजच लावा. आणि टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असं समजून वापर थांबवा. टोचणं-दाबणं अजिबात नाही.

शिवाय तापमानाकडेच बघत बसू नका, वेगाकडे बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली प्रोसेसरचा वेग दिसतो. रेंडर लागून दहा मिनिटं झाल्यावर 95 अंश आहे आणि वेग 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास टिकून आहे, तर तुमचं म्हणणं खरं, चालू द्या. 95 आहे आणि वेग मूळ वेगाच्याही खाली घसरलाय, तर तुम्ही मोजलेले पैसे गरम हवा होऊन खिडकीतून चाललेत.

आता बर्फ. इथे मात्र मी एक पाऊल मागे घेणार नाही. माझ्याकडे मे महिन्याच्या दुपारी 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली तर दव धरायला वस्तू 12 अंशांच्या खाली जावी लागते. तुमच्याकडे 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता धरली तर 27 अंशांनाच दव धरतं. फ्रीजमधल्या बाटलीला दोन मिनिटांत घाम फुटतो तो यामुळेच. ‘काही झालं नाही’ हेही खरं, कारण रेंडर चालू असताना आतला बोर्ड गरम असतो आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. धोका रेंडर संपल्यावर असतो. तुम्ही जेवायला उठता, लॅपटॉप झोपतो, पिशवी तशीच थंडगार, आणि तळाचा पत्रा हळूहळू 27 च्या खाली. त्यात समुद्राकाठची खारी हवा. तांब्यावर हिरवट डाग एका दिवसात येत नाहीत, हळूहळू येतात.

बर्फापेक्षा खोली थंड करणं बरं. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर 43 ची खोली 32 वर आणतो, म्हणजे 11 अंश, तुमच्या पॅडपेक्षा तीन जास्त. फक्त टेबल त्याच्या थेट झोतात नको. पाण्याचे तुषार उडतात आणि क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. तुमच्या दमट हवेत कूलर चालणार नाही हे ठाऊक आहे. तिथे एसी, नाहीतर मोठी रेंडरं रात्री.

मूळ लेखात आज तीन बदल केलेत : 43 अंशांचं ते वाक्य काढलं, 99 टक्क्यांपुढे वेगाचे खरे आकडे घातले, ब्लोअरच्या आधी पंखा अडवायचं लिहिलं. ‘पैसे पाण्यात’ तूर्त तसंच ठेवलंय. झाकणांचा प्रयोग करून आकडे कळवा. पॅड जिंकला तर तेही काढतो.