पोत्यांच्या त्या फोटोबद्दल खुलासा

शाळेच्या व्हरांड्यातल्या सात पोत्यांचा फोटो कालपासून गावच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत मजकूर: ‘शाळा जुनी रजिस्टरं रद्दीत काढतेय, शनिवारपर्यंत दाखला नेला नाही तर पुन्हा मिळणार नाही.’ सकाळपासून ऑफिससमोर रांग आहे, दोन आजोबा तर एसटीने आले.

पोती मीच भरली, म्हणून सांगतो. त्यात जुन्या घटक चाचण्यांच्या उत्तरपत्रिका, फाटक्या पावत्या आणि आधारच्या जास्तीच्या झेरॉक्स आहेत. यादी करून मुख्याध्यापकांची सही घेतली आहे. रद्दीवाल्याला एकही कागद जाणार नाही. झेरॉक्सवर मुलांचे नंबर, पत्ते असतात. उद्या भेळेच्या पुडीवर कुणाचं आधार दिसायला नको. सगळं बारीक फाडून, भिजवून लगदा करणार आहोत.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही, मात्र कायम जतन करायचा दस्तऐवज आहे, तो नष्ट करता येत नाही. दाखला त्यावरूनच निघतो, कधीही. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना शाळांची मोडी लिपीतली जुनी रजिस्टरंही उघडली गेली, आठवत असेल. आपली रजिस्टरं लोखंडी कपाटात आहेत, वाळवीची पावडर टाकून. किल्ली मुख्याध्यापकांकडे.

फोटो खरा आहे, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक. पण तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवलाय, तिथे हा खुलासा टाका. दाखला हवा असेल तर सवडीने या, रांगेची गरज नाही.